मणका सरकलेला नाही, मान दुखावली आहे

वाचक भगिनीचं पत्र, थोडं संक्षेपाने:

"सहा आठवड्यांपूर्वी सिग्नलला उभ्या असलेल्या माझ्या गाडीला मागून दुसरी गाडी धडकली. सीट बेल्ट होता, कुठे खरचटलंही नाही. त्याच दिवशी दवाखान्यात मानेचा एक्स-रे काढला, काही मोडलेलं नाही म्हणाले आणि गोळ्या देऊन घरी सोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मान वळेना. तेव्हापासून मानेचा पट्टा लावते. मानेच्या मुळातून डोक्याच्या मागे कळ चढते आणि गेला आठवडाभर उजव्या करंगळीत मुंग्या येतात. एका कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणके आणि सांधे हलवून उपचार करणाऱ्यांकडे, गेले. मानेचा बाक गेलाय, दोन मणके सरकलेत, ते बसवायला चाळीस बैठका लागतील, पुढे निरोगी राहायचं तर आयुष्यभर महिन्यातून दोनदा यावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. यजमान म्हणतात, मानेला कुणाला हात लावू देऊ नकोस, लकवा होईल. धाकटे दीर म्हणतात, विम्याचा दावा मिटेपर्यंत उपचार सोडू नकोस. माझं वय ४३. गाडीत बसलं की छाती धडधडते, चालवणं तर बंदच आहे. कुणाचं ऐकू?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा नजर त्या करंगळीवर थांबली. बाकी सगळ्याबद्दल सविस्तर लिहिते, पण हे आधी. मानेच्या सातव्या मणक्याखालून जी नस बाहेर पडते, तिच्याकडे करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची जाणीव असते. कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी नसही त्याच बोटांपर्यंत पोचते, आणि कोपर दुमडून झोपलं तरी करंगळी बधिर होते. तुमच्या मुंग्या मानेतून येताहेत की कोपरातून, हे पत्रावरून सांगता येणार नाही. समोर बसवून बोटांची ताकद, हाताचे प्रतिक्षेप (ठोकल्यावर स्नायू आपोआप उडतो ते), त्वचेची जाणीव आणि मान वाकवल्यावर मुंग्या वाढतात का, एवढं नीट पाहिलं तर बहुतेक वेळा उलगडा होतो. या तपासणीला दहा-पंधरा मिनिटं लागतात. ती झाल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. ती होईपर्यंत कुणीही तुमच्या मानेला हिसका देता कामा नये, मीही कायरोप्रॅक्टरच आहे, पण माझ्या व्यवसायातल्या माणसाने तर नाहीच.

म्हणून पहिलं काम, याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा आणि मुंग्या कधी सुरू झाल्या ते सांगा. अपघातानंतर पाच आठवड्यांनी एखादं नवं लक्षण उगवलं, तर पहिल्या दिवसाच्या एक्स-रेवर विसंबून राहू नये. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात. नस, दोन मणक्यांमधली चकती आणि सांध्याभोवतालचं आवरण त्यात दिसत नाही.

काही लक्षणं मात्र आठवड्याची वाट पाहणारी नसतात. हातातली वस्तू गळून पडू लागली, चालताना पाय अडखळू लागले, दोन्ही हातांत किंवा पायांत बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी मानदुखी किंवा डोकेदुखी एकाएकी उठली, सोबत चक्कर, दुहेरी दिसणं, बोलताना जीभ जड होणं, गिळायला त्रास, तोल जाणं यातलं काहीही असलं, तर तासाभराचाही उशीर नको. डोक्याला मार बसला असेल आणि गुंगी वाढत असेल, उलट्या होत असतील, तरी तेच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वयस्कर माणसांच्या डोक्यात रक्तस्राव हळूहळू वाढू शकतो आणि लक्षणं काही दिवसांनीही दिसू शकतात. हा परिच्छेद तुमच्यापेक्षा तुमच्यासारखं पत्र लिहायच्या बेतात असलेल्या इतरांसाठी जास्त आहे, पण तुम्हीही वाचून ठेवा.

आता तुमच्या मानेकडे येते.

उभ्या गाडीला मागून धडक बसते तेव्हा सीटची पाठ तुमच्या पाठीला पुढे लोटते. धड पुढे जातं, पण साधारण साडेचार-पाच किलोचं डोकं क्षणभर जागेवरच राहतं. सेकंदाचा पहिला दहावा भाग संपायच्या आत मानेचा आकार इंग्रजी 'एस'सारखा होतो. खालचे मणके मागे वाकतात आणि वरचे त्याच क्षणी पुढे झुकतात. मान अशी कधी हलत नाही, आपण ठरवून हलवूही शकत नाही. स्नायूंना सावरायला अवधी मिळेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. या हिसक्यात मणक्यांच्या मागच्या बाजूला जोडीजोडीने असलेले लहान सांधे, फॅसेट सांधे म्हणतात त्यांना, त्यांची आवरणं ताणली जातात. मानेतून डोक्यात चढणाऱ्या कळेचा उगम बऱ्याचदा यातल्या सर्वांत वरच्या सांध्यांजवळ असतो. त्या भागातल्या नसा आणि कपाळ-डोक्याकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या बुंध्याशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून दुखणं मानेचं असलं तरी ठणकतं डोकं.

तिसऱ्या दिवशी मान धरली यातही नवल नाही. ताणलेल्या ऊतींमधली सूज चढायला एक ते तीन दिवस लागतात. 'त्या दिवशी तर चांगली होती, आता काय झालं' असं घरात कुणी म्हटलं असेल, तर त्यांना हे वाचून दाखवा.

अशा दुखापतीला व्हिपलॅश म्हणतात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात नेमलेल्या तज्ज्ञगटाने १९९५ मध्ये तिच्या पायऱ्या ठरवल्या आणि त्या आजही वापरात आहेत. नुसतं दुखणं आणि ताठरपणा ही पहिली पायरी. तपासताना मान कमी वळते, ठरावीक जागी दाबल्यावर दुखतं, ही दुसरी. नसेची लक्षणं आढळली तर तिसरी. हाड मोडलं किंवा सांधा निखळला तर चौथी. तुमचं पत्र वाचून मला दुसरी पायरी वाटते, करंगळीमुळे कदाचित तिसरी. पायरी कुठली यावर पुढचं बरंच ठरतं, म्हणून तपासणीचा एवढा आग्रह धरते आहे.

'मणके सरकलेत' या वाक्याबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण या वाक्याने माझ्या हातूनही एकदा नुकसान झालं आहे.

कायरोप्रॅक्टिकचा जन्मच या कल्पनेतून झाला. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी, १८९५ मध्ये डॅनियल डेव्हिड पामर यांनी एका माणसाच्या पाठीच्या मणक्यावर दाब दिला आणि त्याची ऐकण्याची शक्ती सुधारली असं सांगितलं. मणके जागेवरून हलतात, नसा दाबतात आणि बहुतेक सगळे रोग त्यातूनच होतात, असं ते मानू लागले. त्या एका सिद्धान्तावर व्यवसाय उभा राहिला. पुढच्या काळात मणक्याच्या हालचालीचं शास्त्र खूप पुढे गेलं, पण 'सरकलेला मणका' ही भाषा काही ठिकाणी तशीच राहिली. मणका खरोखर जागेवरून निखळला तर ती वर सांगितलेली चौथी पायरी आहे. तिथे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर लागतात, माझ्यासारखीचं तिथे काही काम नाही. बाकी वेळी मणका सरकलेला नसतो. सांधा दुखावलेला असतो, भोवतालचे स्नायू त्याला जपायला घट्ट झालेले असतात आणि त्यामुळे तो नीट हलत नाही.

मी नवीन असताना एका बाईंना अगदी सहज म्हणून गेले, 'तुमचा कमरेचा मणका सरकलाय, जपून राहा.' माझ्या दृष्टीने ती बोलण्याची पद्धत होती. दोन वर्षांनी त्या पुन्हा आल्या, तोवर त्यांनी नातवाला एकदाही उचललं नव्हतं. मणका पुन्हा सरकेल ही धास्ती. दुखणं फारसं उरलं नव्हतं, पण माझा शब्द तेवढा शिल्लक होता. त्या दिवसापासून मी ते वाक्य टाकलं. सहकाऱ्यांनीही टाकावं म्हणून भांडत असते.

बाक गेल्याचंही तसंच. एक्स-रेत मान सरळ दिसते ती कित्येक निरोगी माणसांची. काढताना हनुवटी किंचित खाली असली, स्नायू आखडलेले असले, तरी बाक कमी दिसतो. जपानमध्ये १,२०० हून अधिक निरोगी माणसांच्या मानेचे एमआरआय काढले होते, विशीपासून सत्तरीपर्यंतच्या. यातल्या कुणालाही मानेची तक्रार नव्हती, तरी जवळजवळ ८८ टक्के लोकांच्या मानेत कुठली ना कुठली चकती फुगलेली दिसली. म्हणून उद्या तुमच्या एमआरआयच्या अहवालात 'चकती फुगली आहे' असं आलं, तर लगेच घाबरू नका. ती चकती आणि तुमची करंगळी यांचा मेळ बसतो का, हे डॉक्टरांना विचारा. मेळ बसला तरच त्या चकतीला महत्त्व.

यजमानांची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. मानेच्या दोन्ही बाजूंनी मणक्यांच्या भोकांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या आहेत. त्यांच्या आतल्या थराला चीर पडली तर तिथे गुठळी होऊन पक्षाघात येऊ शकतो. मान झटक्याने फिरवण्याच्या उपचारानंतर असं घडल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये या विषयावर निवेदन काढलं. उपचार आणि ही इजा यांचा संबंध आढळतो, उपचारामुळेच ती होते हे सिद्ध झालेलं नाही, पण रुग्णाला हा संबंध आधी सांगितला पाहिजे, असा त्याचा आशय होता. कॅनडात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात कायरोप्रॅक्टरकडे जाऊन आलेल्यांमध्ये जेवढा संबंध दिसला, तसाच तो साध्या फॅमिली डॉक्टरकडे जाऊन आलेल्यांमध्येही दिसला. याचा एक अर्थ असा की चीर आधीच पडलेली असते, तिनेच मान दुखत असते आणि म्हणून माणूस कुणाकडे तरी जातो. ही इजा दुर्मिळ आहे. पण अपघातातल्या हिसक्यानेही अशी चीर पडू शकते, म्हणून अपघातानंतरच्या मानेला हात लावताना मी दुप्पट सावध असते. धोका दुर्मिळ आहे म्हणून तो सांगायचा नाही, हे मला मान्य नाही. तुमच्या कायरोप्रॅक्टरांनी याबद्दल एक शब्दही काढला नसेल, तर मला त्यांच्याबद्दल काळजी वाटते.

पण यजमानांना हेही सांगा की मानेला हात लावणं म्हणजे मान झटकणं नव्हे. सांधा सावकाश, थोडा थोडा, तुमच्या नियंत्रणात हलवण्याची पद्धत आहे. स्नायूंवरचं काम आहे. मानेऐवजी पाठीच्या वरच्या भागावर दाब देऊन मान मोकळी होते का, हेही पाहता येतं. 'मला मानेला झटका नको' असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ते ऐकून समोरच्याचा चेहरा उतरला तर तिथून उठा. संधिवाताने मानेचे वरचे सांधे सैल झालेले, हाडं ठिसूळ झालेली, कर्करोगाचा इतिहास असलेली, रक्त पातळ करणारं औषध घेणारी अशा माणसांच्या मानेला मी झटका देत नाही, त्यांनी कितीही आग्रह केला तरी. आणि तो 'कट्ट' आवाज म्हणजे मणका जागेवर बसल्याची खूण नाही. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते त्याचा तो आवाज. २०१५ मध्ये बोटाच्या सांध्याचं एमआरआय चित्रीकरण करून हे दाखवण्यात आलं. आवाज आला म्हणून उपचार लागू पडला आणि नाही आला म्हणून फुकट गेला, असं काही नसतं.

मग उपयोग कशाचा?

सगळ्यात आधी तो पट्टा काढा. हाड मोडलेलं नसताना सहा आठवडे पट्टा हे फार झालं. तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही, पट्टा लावला की धीर येतो. पण त्यात स्नायू आळसावतात, सांधे अधिक ताठरतात आणि मेंदूला रोज निरोप जात राहतो की ही मान नाजूक आहे. डॉक्टरांनी तपासून हरकत नाही म्हटलं की पहिल्या दिवशी दोन तास काढून ठेवा, मग चार, आणि आठवड्याभरात कपाटात टाका.

त्यासोबत हालचाल. मान हळूच उजवीकडे, मग डावीकडे वळवायची, ओढ जाणवेल तिथे थांबायचं, कळ निघेपर्यंत रेटायचं नाही. दहा वेळा, दिवसातून अनेकदा, शक्य असलं तर जागेपणी तासातासाला. दुसरा व्यायाम उताणं झोपून करायचा. डोकं न उचलता, 'हो' म्हणतो तशी हनुवटी किंचित गळ्याकडे आणायची. मानेच्या पुढच्या बाजूला आत खोल असलेले स्नायू काम करताहेत हे जाणवलं पाहिजे, बाहेरच्या दोऱ्या ताठल्या की जोर जास्त झाला असं समजायचं. पाच ते दहा सेकंद धरायचं, सोडायचं, दहा वेळा. दुखापतीनंतर हे आतले स्नायू मागे पडतात आणि त्यांचं काम बाहेरचे मोठे स्नायू करू लागतात, म्हणून मान संध्याकाळपर्यंत दगडासारखी होते. तिसरं, खांद्याची पाती मागे आणि खाली ओढून धरणं. आणि चालणं. दिवसाला वीस मिनिटांपासून सुरुवात करा. व्यायामाने मान थोडी दुखरी झाली आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत आली तर चालेल. करंगळीतल्या मुंग्या वाढल्या, हातभर पसरल्या, तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

यात माझ्यासारखीच्या हाताचा वाटा किती? खरं सांगायचं तर लहान, पण मोलाचा. दुखण्यामुळे मान हलवताच येत नसेल, तर हाताने केलेल्या उपचारांनी काही दिवस ती जरा मोकळी होते आणि तेवढ्या सवडीत व्यायाम करता येतो. दार किलकिलं करून देणं एवढंच ते आहे, आत तुम्हालाच चालत जायचं असतं. मी स्वतः अशा रुग्णाला दोन-तीन आठवड्यांत चार ते सहा वेळा बोलावते आणि मग दोघं मिळून हिशोब मांडतो. मान किती अंश जास्त वळली, झोप किती लागली, गोळ्या किती कमी झाल्या. फरक नसेल तर मी थांबते आणि दुसऱ्या कुणाकडे पाठवते. उपचारानंतर एखाद-दोन दिवस अंग ठणकणं सर्रास होतं, तेवढं चालतं.

चाळीस बैठका, त्याही पहिल्याच भेटीत, मान कसा प्रतिसाद देते हे पाहण्याआधीच? मला ते पटत नाही. मानेच्या दुखापतीचा पुढचा प्रवास पहिल्या दिवशी इतका अचूक कुणालाच दिसत नाही. पैसे आगाऊ भरले नसतील तर भरू नका. भरले असतील तर उरलेले परत मागा, लेखी मागा.

बरं होण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणारच. व्हिपलॅश झालेल्यांतले बरेच जण पहिल्या तीन महिन्यांत पुष्कळ सुधारतात. मात्र जवळपास निम्म्या लोकांना वर्षभरानंतरही थोडीफार तक्रार राहते, हे लपवून उपयोग नाही. कुणाची रेंगाळते याचा अंदाज गाडीला किती मोठा पोचा आला यावरून फारसा येत नाही. सुरुवातीचं दुखणं फार तीव्र होतं का, माणसाने हालचाल कितपत सोडली, आणि आपण बरे होऊ असं त्याला वाटतं का, यावरून जास्त येतो. हे शेवटचं वाचून 'म्हणजे सगळं मनाचे खेळ' असा अर्थ कुणी काढला तर तो चूक आहे. सांधा खरा दुखावलेला आहे. पण सतत धोक्याच्या पवित्र्यात असलेला मेंदू वेदनेचा आवाज मोठा करतो, हेही तितकंच खरं. 'दोन मणके सरकलेत' असं ऐकून घरी आलेल्या माणसाचा मेंदू कुठल्या पवित्र्यात असेल, सांगा.

दिरांच्या सल्ल्याबद्दल. दाव्यासाठी कागद नीट ठेवा, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, कामावरच्या सुट्ट्या, सगळं तारखेनिशी. दाव्यापोटी उपचार लांबवू मात्र नका. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताने १९९५ मध्ये वेदनेपोटीची भरपाई बंद करून चूक कुणाची हे न पाहता उपचाराचा खर्च देणारी पद्धत आणली. त्यानंतर व्हिपलॅशचे दावे कमी झाले आणि लवकर मिटू लागले. लोक खोटं बोलत होते असा याचा अर्थ मी घेत नाही. महिनोन्महिने आपलं दुखणं दुसऱ्याला सिद्ध करून दाखवावं लागलं की माणसाचं सगळं लक्ष दुखण्यावरच खिळून राहतं, एवढंच मला त्यात दिसतं. दिरांना तुमचं भलंच हवं आहे. त्यांना सांगा की कागद तुम्ही सांभाळा, मान मी सांभाळते.

आयुष्यभर महिन्यातून दोनदा, याचं उत्तर मी जरा तोलून देते, कारण या गोष्टीत तथ्याचा एक कण आहे. स्वीडनमध्ये वारंवार कंबर दुखणाऱ्या ३२८ लोकांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. सुरुवातीच्या उपचाराचा ज्यांना चांगला गुण आला होता, त्यांच्यातल्या अर्ध्यांना दुखो न दुखो ठरावीक अंतराने बोलावलं आणि अर्ध्यांना दुखेल तेव्हा या म्हटलं. नियमित येणाऱ्यांचे वर्षभरातले त्रासाचे दिवस साधारण तेराने कमी भरले. वर्षातले तेरा दिवस कमी हे ज्याची कंबर पुन्हा पुन्हा धरते त्याला थोडं नाही. पण ती कंबर होती, अपघातातली मान नव्हती. आणि महत्त्वाचं म्हणजे ते लोक वर्षभरात इतरांपेक्षा सरासरी दोनच वेळा जास्त आले होते, महिन्यातून दोनदा नव्हे.

मणके 'बसवत' राहिलं की प्रतिकारशक्ती वाढते, पचन सुधारतं, म्हातारपण लांबतं, याला आधार नाही. २०२० मध्ये कोविडच्या साथीत असे दावे होऊ लागले, तेव्हा आमच्याच व्यवसायाच्या जागतिक महासंघाने पुढे येऊन सांगितलं की प्रतिकारशक्तीच्या दाव्याला विश्वासार्ह पुरावा नाही. तुमच्या मानेला पुढची चाळीस वर्षं जे उपयोगी पडेल ते कुणाच्या टेबलावर होत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते तसं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेलसं चालणं किंवा तत्सम काही, आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम. पुरेशी झोप, कारण झोप बिघडली की तीच मान दुप्पट दुखते. धूम्रपान असेल तर ते सोडणं, चकतीच्या पोषणाला त्याने मार बसतो. बसण्याची एकच 'बरोबर' पद्धत शोधण्यात वेळ घालवू नका, दर अर्ध्या तासाने बैठक बदला.

आणि गाडी. सहा आठवडे तुम्ही ती टाळलीत, साहजिक आहे. पण टाळलेल्या दिवसागणिक भीती वाढते. आधी नुसती उभ्या गाडीत बसा, इंजिन बंद, दहा मिनिटं, धडधड कमी होईपर्यंत. दोन-तीन दिवसांनी शेजारच्या सीटवर बसून छोटी फेरी. मग रिकाम्या रस्त्यावर स्वतः, पण मान दोन्ही बाजूंना वळून मागची गाडी दिसू लागल्यावरच. निघण्याआधी सीटवरची डोक्यामागची उशी तपासा. तिचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याजवळ हवा, निदान कानांच्या वर, आणि डोकं व उशी यांत शक्य तितकं कमी अंतर, तीन-चार बोटं असली तर उत्तम. खाली ढकललेली उशी मागून बसलेल्या धडकेत मान वाचवत नाही, आणि बहुतेक गाड्यांत ती खालीच असते. अपघाताची दृश्यं दिवसाही डोळ्यांपुढे येत असतील, स्वप्नांतून दचकून जाग येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. अपघातानंतरच्या अशा त्रासावर नेमके उपचार आहेत, आणि तो कमी झाला की मानेचं दुखणंही बऱ्याचदा उतरतं.

डॉक्टरांनी सगळं पाहून हरकत नाही म्हटलं आणि तुम्हाला पुन्हा कायरोप्रॅक्टरकडे जावंसं वाटलं, तर वेगळ्या व्यक्तीकडे जा. पहिल्या भेटीत ती तुमच्याशी जास्त बोलते का, हात-बोटं तपासते का, धोका सांगून तुमची परवानगी घेते का, घरी करायचे व्यायाम देते का, आणि किती दिवसांत काय बदलायला हवं हे आधी सांगते का, एवढं पाहा.

तपासणीचा निकाल आला की मला दोन ओळी लिहा. ती करंगळी मानेची निघाली की कोपराची, तेवढं नक्की कळवा.

तुमची,
सल्लागार